कोरा माणूस

४ मार्च

मावशी,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. आई 'माहेर' या शब्दावरून रागावून गेली, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं नाही. तो शब्द तिने ओळखला तेव्हा ती हसली होती. मी समोरच होते. घाईत मी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या, आणि तू त्यावरून बाबांना जे जे म्हणालीस ते चुकीच्या कारणासाठी म्हणालीस. योग्य कारण आता सांगते. मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

रविवारच्या पुरवणीत 'चौकोन' या टोपणनावाने येणारं शब्दकोडं बाबांचं, हे तुला माहीत आहे. पण ते पान तू कपडे बेतायला वापरतेस, म्हणून ते तयार कसं होतं ते लिहिते. बाबा आठवडाभर सूत्रं रचतात, म्हणजे ज्यांवरून शब्द ओळखायचे त्या ओळी. स्वतः रचलेलं सूत्र सोपं झालं की अवघड, हे रचणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. त्यासाठी 'कोरा माणूस' लागतो. ज्याने आधी काहीच पाहिलेलं नाही असा. आमच्या घरात तो माणूस आई. दर शुक्रवारी बाबा कागद घेऊन स्वयंपाकघरात येतात, आईपुढे ठेवतात आणि दाराला टेकून उभे राहतात. तिला जे सुटत नाही ते बाद. जे फार लवकर सुटतं तेही बाद.

त्या शुक्रवारी पुरवणीचे संपादक आमच्याकडे आले होते. सूत्र असं होतं: 'माझं तोंड, मागे लावलेला जासूस, रुसली की इथेच जाते. तीन अक्षरी.' 'माझं'चं तोंड म्हणजे पहिलं अक्षर, मा. जासूस म्हणजे हेर. आईने हात पुसता पुसता उत्तर सांगितलं आणि म्हणाली, या खेपेला मी सापडले वाटतं. ती असल्या ओळींना सरावली आहे. घरात काही बिनसलं की ते पुढच्या कोड्यात येतं, आणि ते तिनेच ओळखायचं असतं.

बाबा संपादकांना म्हणाले, हिला इतक्यात सुटलं म्हणजे कुणालाही सुटेल, जरा अवघड करायला हवं. संपादकांनी गमतीत विचारलं, ही मोजपट्टी केव्हापासून वापरता? त्यावर बाबा म्हणाले:

"लग्नापासून. पाण्याची खोली बघायला काठी लागते. काठीला पोहता येण्याची गरज नसते."

दोघं हसले. आईने त्यांना चहा दिला, ओटा पुसला, आणि सोमवारी तुझ्याकडे आली. मावशी, इतकी वर्षं तिला वाटत होतं की कोडं ती दोघं मिळून करतात.

तुझी
खोडरबर


१२ मार्च

खोडरबरा,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि हातातली कात्री बाजूला ठेवली, नाहीतर गिऱ्हाइकाच्या बाहीचा कपडा गेला असता. काठी म्हणे. तुझ्या बापाची जीभ मी एकदा मशीनखाली धरायला हवी होती. म्हणून बरं, मी शाळेत भाषेत नापास होत होते. भाषा चांगली असलेली माणसं चार हात लांबूनच बरी.

तुझी आई ठीक आहे. काज-बटणं करते. पहिल्या आठवड्यात एक शब्द बोलली नाही, आता बायकांशी बोलते. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम येतंय. ते तिच्यावर सोपवायचा विचार आहे, तिचं मोजमाप माझ्यापेक्षा नेमकं आहे. दुकानाच्या वरची खोलीही मालक द्यायला तयार आहे. तिला स्वतःची किल्ली मिळेल. मी तिला हे हळूहळू सांगतेय, कच्चा टाका घालून. एकदम पक्की शिलाई मारली तर उसवून पळेल.

पण रविवार उजाडला की ही शेजाऱ्यांकडे जाऊन पुरवणी आणते. मी म्हटलं, अगं, ज्या दारातून बाहेर पडलीस त्याच्याच फटीतून बघतेस होय? म्हणाली, बघते फक्त. परवाच्या कोड्यात एक ओळ होती, 'ताजा ताजा, पण निम्माच राजा.' हिने उत्तर सांगितलं, नवरा. ताजा म्हणजे नव, राजाचा अर्धा रा. दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, तुझ्या बापाला सांगू नकोस. तुझी आई मात्र बटण लावत राहिली. मग म्हणाली, पूर्वीचे असते तर राजा अख्खा ठेवला असता आणि राणी अर्धी केली असती. यांची धार गेली, यांना बरं नाही का?

तेव्हा तूच सांग. बरे आहेत ना ते? पत्रच लिही. माझा फोन असतो दुकानाच्या टेबलावर, आणि ती बसते त्याच टेबलाला.

मावशी


१९ मार्च

मावशी,

बाबांची तब्येत ठीक आहे. जेवतात, फिरायला जातात, झोप लागते. कोडी वेळेवर जातात. संपादकांचा निरोप होता की वाचकांची पत्रं वाढली आहेत.

आईला सांग की तिच्या कुंड्यांना मी पाणी घालते. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली तिची चादर मी वापरायला काढलेली नाही.

तू विचारलं नाहीस तरी एक सांगते. लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घातलं नव्हतं. चौथीच्या वर्गात मी पहिल्यांदा बाकावर बसले. तोवर माझी शाळा म्हणजे खिडकीजवळचं टेबल आणि त्याच्या काचेखाली ठेवलेले कोरे चौकोन. अक्षरं आईने शिकवली. तो पक्षी सारस; त्याची मागची दोन अक्षरं फिरव, सासर झालं, असं ती शिकवायची. आणि सूत्र कसं रचायचं ते बाबांनी. त्यांचा एकच नियम होता: माणसाला फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही. सूत्रातला प्रत्येक शब्द खरा हवा. वाचणारा फसला तर तो स्वतःच्या घाईने फसायला हवा. छापखान्यात मुद्रितं तपासताना आजही मी प्रत्येक ओळीला तेच विचारते. हे पत्र लिहितानाही विचारते आहे.

आई गेल्यावर आठवड्याभरातच मी बाबांना सरळ विचारलं की तुम्ही आईला आणायला का जात नाही. ते म्हणाले, तिला घर माहीत आहे. मग थोड्या वेळाने म्हणाले की समोरच्या घरातल्या निवृत्त पोस्टमनना विचारून बघ, शुक्रवारी तासभर येतील का. मी कशासाठी ते विचारलं नाही. मला कळलं.

ते आले. दोन शुक्रवार आले. आता येत नाहीत. म्हणाले, तुमचे बाबा मला उत्तर सुटेपर्यंत दारात उभे राहून बघतात, मला परीक्षेला बसल्यासारखं घाम फुटतो. तुमची आई हे कसं सहन करत होती?

खोडरबर


८ एप्रिल

बाळा,

आता नीट वाच. मी हे पत्र पोस्टाशेजारच्या बाकावर बसून लिहितेय, कारण घरी लिहायची सोय नाही.

रविवारचं कोडं तुझ्या आईने सकाळी आणलं. मी केस विंचरत होते. ही एकदम उठली, पुन्हा बसली. मला वाटलं, कळ आली छातीत. जवळ गेले तर कागद पुढे केला. म्हणाली, बघ. मला काय दिसणार, काळे-पांढरे चौकोन. मग तिनेच वाचून दाखवलं. आडवा चार: 'पत्नीच्या सुरुवातीतच गुंगलेला, पुन्हा.' पत्नीची सुरुवात प, गुंगलेला म्हणजे रत. परत. आणि उभा अकरा: 'मागणीच्या तोंडी डॉक्टरची कमाई, फुकट असते, तरी कुणी मागत नाही.' मागणीचं तोंड मा, डॉक्टरची कमाई फी. माफी.

मी म्हटलं, बरं मग?

तुझी आई म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्यावर इतकं लिहिलं त्यांनी. माझ्यासाठी हे पहिल्यांदा."

आणि रडली. आल्यापासून रडली नव्हती गं.

महिनाभर ती म्हणत होती, ओळी मऊ झाल्या आहेत. आता तिचं म्हणणं, ते बदलले, तोंडाने बोलता येत नाही म्हणून कोड्यातून बोलले. मला आधी वाटलं, माणसाला माफी मागायची असेल तर आडवं-उभं कशाला, सरळ मागावी. पण तिचा चेहरा बघितला आणि मलाही वाटायला लागलं की मी त्या माणसाला उगाच शिव्या घातल्या. कापूस पिंजायच्या आधी कठीणच लागतो.

तर ती निघतेय. शनिवारी, दोन मेला. गणवेशांच्या कामाला नाही म्हणाली. खोलीचंही नको म्हणाली. मालक पहिल्या तारखेला ती दुसऱ्या कुणाला देणार आहे. तुम्हाला कळवू नको म्हणाली, तिला अचानक यायचंय. मी तिला शब्द दिलाय की तुझ्या बापाला कळवणार नाही. तुझ्याबद्दल शब्द दिलेला नाही.

मला फक्त एक सांग. ते त्यांनीच लिहिलंय ना? तू शाई सांडली तरी डाग मोजून सांगणारी पोर आहेस, म्हणून तुला विचारते.

मावशी


१२ एप्रिल

मावशी,

नाही. ते मी लिहिलं आहे.

आई गेल्यानंतरचं प्रत्येक कोडं मी केलं आहे. राजाची ओळही माझीच. मागच्या पत्रात मी 'कोडी वेळेवर जातात' असं लिहिलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि कुणी पाठवली ते त्यात नाही. नियम मी पाळला आणि तुला फसवलं.

झालं ते असं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी बाबा नेहमीसारखे कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. दाराला टेकून उभे राहिले. आत मी होते, पण मी कोरी नाही, मला त्यांची प्रत्येक खोच पाठ आहे. पहिली तीन उत्तरं मी त्यांनी कागद ठेवायच्या आत सांगितली. ते चिडले. म्हणाले, यात काय मजा, आणि कागद माझ्यापुढे टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी संपादकांचा माणूस कोडं न्यायला आला तेव्हा बाबा म्हणाले, या आठवड्याचं तू कर, नाव माझंच राहू दे. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले. मग म्हणायचीही गरज उरली नाही. पोस्टमनकाकांना बसवलं ते माझी कोडी तपासायला.

त्या दोन शब्दांबद्दल तुला वाटेल की मी मुद्दाम घातले. मी आठवून आठवून पाहिलं. चौकोनाच्या त्या कोपऱ्यात 'प'ने सुरू होणारा तीन अक्षरी शब्द हवा होता. 'परत' बसला. 'माफी' आधीच खाली उतरत होती. सूत्रं लिहिताना मनात आई होती का? माझ्या मनात ती असतेच. याहून जास्त खरं मला सांगता येत नाही. पण तो निरोप नव्हता, आणि बाबांचा तर मुळीच नव्हता.

तुझं पत्र आल्यावर मी बाबांना विचारलं की ते कोडं तुम्ही पाहिलं होतं का. म्हणाले, मुद्रित पाहिलं, माफीची ओळ बरी आहे, ओरखडा उठत नाही पण बरी आहे. मी म्हणाले, आईला वाटलं तर, की ही ओळ तुमची आहे? ती येणार आहे हे मी सांगितलं नाही. तेवढं तुझं ऐकलं.

बाबा म्हणाले, "वाटू दे की. त्या निमित्ताने येईल तरी."

नंतर चष्मा पुसत म्हणाले की शुक्रवारच्या आत आली तर बरं, पुढची सगळी कोडी न तपासता पडून आहेत.

हे तू तिला सांग. मला माहीत आहे की हे मी तुझ्या गळ्यात घालते आहे.

खोडरबर


२० एप्रिल

बाळा,

सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तीन दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवलं. ती आरशापुढे उभी राहून जुन्या कपड्यांना नवी लेस लावत होती, घरी जायचं म्हणून. माझी जीभ उचलेना. शेवटी काल दुकान बंद करून शटर ओढलं आणि तिला तुझं पत्रच वाचून दाखवलं. बापाचं ते 'येईल तरी' तेवढं गाळलं. ते माझ्याच्याने वाचवेना.

तिने सगळं ऐकलं. कपाळावर आठी नाही. मग हसली, जसं आपण लहान मुलाला हसतो.

म्हणाली, "तिने केली असतील बाकीची. हे दोन शब्द त्यांचेच. इतकी वर्षं मी तपासलीत, हात ओळखू येतो मला."

मी म्हटलं, अगं, पोरगी स्वतः लिहितेय. तर म्हणाली, तिला लहानपणापासून बापासारखं व्हायचंय, त्यांची एखादी चांगली ओळ आपली वाटते तिला. खोटं नाही बोलत ती, तिला तसं वाटतं. वर मलाच म्हणाली, तुला कोड्यातलं काय कळतं.

खरंच काही कळत नाही मला. मी कापड हातात घेतलं की सुती की मिसळ, सांगते, आणि कधीकधी तेही चुकतं. पण ही चुकायला तयारच नाही. हिला बाकी काय आहे? तो माणूस हिला काठी म्हणाला. आता निदान आपल्याला पाण्यातलं कळतं एवढं तरी तिला हवंय. त्यावर मी पाय कसा देऊ?

गणवेशांचं काम मी अजून कुणाला दिलेलं नाही. मालकाला मात्र पहिल्या तारखेपर्यंतच थांबायला सांगितलंय. ती बॅग भरतेय. तू काही करू शकत असशील तर कर. माझा दोरा संपला.

मावशी


२४ एप्रिल

मावशी,

आईने असं म्हटलं याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी चार वेळा ते वाक्य वाचलं आणि चारही वेळा स्वतःलाच विचारलं, खरंच ती ओळ माझी आहे ना? इतकी ती खात्रीने बोलते. मग मी माझे खोडलेले कागद काढून बघितले. माझीच आहे.

तुझ्या पत्रानंतर मी बाबांपुढे जाऊन बसले. तू तिला शब्द दिला होतास की त्यांना कळवणार नाहीस. तो शब्द तुझा होता, पण मोडला मी. त्यांना सगळं सांगितलं: आई कशामुळे निघाली आहे, तिला काय वाटतं, ती काय सोडून येते आहे. म्हणाले, गणवेश? आणि हसले. मी म्हणाले, बाबा, तिला तुमच्या हाताने काहीतरी लिहा. काय वाटतं ते खरं लिहा. ती तुमच्या शब्दावर येते आहे आणि तो शब्द तुमचा नाही.

मला वाटलं होतं, उठून जातील. पण त्यांनी पेन्सिल घेतली. म्हणाले, पत्र कशाला, सूत्रच लिहितो, तिला तेच कळतं. आणि मान वर न करता एका दमात लिहिलं:

'काना मोडला तरी परात स्वयंपाकघरात येते ती कशी? तीन अक्षरी.'

तुझ्यासाठी उलगडते. 'परात' मधला काना काढला की राहतं परत. परात कोण, ते तुझं तुला कळेल.

कागद माझ्याकडे सरकवला. चेहरा उजळला होता. दोन महिन्यांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. म्हणाले, पाठव हे, बघ किती वेळात ओळखते.

मावशी, ओळ उत्तम आहे. हे मला लिहावंच लागेल. एक अक्षर जास्त नाही, एक शब्द खोटा नाही. गेल्या दोन महिन्यांत मला असं एकही सूत्र जमलेलं नाही. माझी 'परत' आणि त्यांची 'परत' शेजारी ठेवली तर कुठली कुणाची, हे आईला सांगावं लागणार नाही. हात तिला खरंच ओळखू येतो. तिने फक्त हवा तो हात ओळखला.

मी बाबांना सांगितलं की मे महिन्यापासून चौकोन तुमचा तुम्ही भरा. त्यांनी विचारलं, आणि तपासणार कोण? मी कागद घेऊन उठले. छापखान्यातून मी रजा घेतली आहे, किती दिवसांची ते अजून लिहून दिलेलं नाही.

ती ओळ मी आईच्या हातात देणार आहे. पोस्टाने नाही, समोर बसून. तू तिला आधी काही सांगू नकोस. हे पत्रही दाखवू नकोस. तिने ती आधी काही माहीत नसताना वाचायला हवी, तरच तिला पटेल. मला कळतं की याचा अर्थ मीही तिला कोरा माणूस करून समोर बसवते आहे, आणि ती ओळखेपर्यंत मीही बघत राहणार आहे. रात्रभर मी दुसरी वाट शोधली. मला सापडली नाही. तुला सापडली तर मला थांबव.

उत्तर ओळखल्यावर जायचं की राहायचं ते तिने ठरवावं. गेली तर तिची बॅग मी गाडीत ठेवून देईन. पण तिच्याबरोबर परत जाणार नाही. म्हणून मालकाला सांग, ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. आम्हा दोघींपैकी एक तिथे राहील.

तारीख नीट बघून लिहिते. गुरुवारी, तीस एप्रिलला, सकाळच्या गाडीने मी निघते.

खोडरबर